बुडीत खाते मंडळाचा नावाडी

मी विम्याचा सर्व्हेअर. बर्नी या आमच्या बंदराच्या गावात आणि आजूबाजूच्या किनाऱ्यावर कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाचं छत उडालं, की मी टेप घेऊन जातो, भिंत निरखतो आणि "हा डाग जुना आहे" असं म्हणून परत येतो. लोक मला चहा देतात, बिस्किट देत नाहीत. थोडक्यात, माणसांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. असा हा मी, लॉइड पेनिकट, एका दुपारी इंटरनेटवर तीन दाढीवाल्या पोरांचा व्हिडिओ बघतो काय आणि त्यांना वर्गणी देऊन मोकळा होतो काय! पाहणी नाही, चौकशी नाही, एक डागसुद्धा तपासला नाही.

ही पोरं लोकांच्या वर्गणीतून ‘सात बंदरं’ नावाचा गेम बनवणार होती. मोठा समुद्र, सात बंदरं, आणि बंदरांत अशी माणसं की त्यांच्याशी आपण जे बोलू ते त्यांच्या कायम लक्षात राहणार. हा अनुभव मला घरी बायकोकडून फुकट मिळतो, पण तेव्हा ते सुचलं नाही. दीड वर्षात देतो म्हणाले. तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती. आता ती गाडी चालवते आणि मला चालवता येत नाही म्हणते. वर्गणीदारांना कबूल केलेला टी-शर्ट मात्र वेळेवर आला. गेम येईपर्यंत माझं पोट त्याच्या बाहेर गेलं होतं.

आमच्या गावात असे फसलेले आणखी दोघे निघाले. विन्स, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारा, आणि डग्गन, बंदरावरचा क्रेनवाला. आम्ही दर गुरुवारी बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबच्या, मागच्या टेबलावर बसायचो आणि स्वतःला बुडीत खाते मंडळ म्हणवून घ्यायचो. पोरांकडून अधूनमधून प्रगतीची ईमेल यायची. ती डग्गनने चर्चमधल्या पाद्र्याच्या सुरात वाचायची आणि जो आधी हसेल त्याने बिअर पाजायची, असा नियम होता.

"आम्हाला कळवायला अत्यंत आनंद होतो," डग्गन डोळे मिटून म्हणायचा, "की घोड्याची आयाळ आता वाऱ्यावर हलू लागली आहे."

"गेममध्ये घोडा कुठे होता?" विन्स विचारायचा.

"नव्हता, सरकार. पण आयाळ आलीय. मागून घोडा येईल."

आणि मी हसायचो. दर वेळी मीच. डग्गन सगळ्यांना सरकार म्हणायचा: आम्हाला, क्लबच्या बारवाल्या पोरीला, स्वतःच्या बायकोला, एकदा तर पोलिसालाही, आणि ते त्याला महागात पडलं.

गेमवर लिहिणाऱ्या पत्रकारांबद्दल मंडळाचं मत ठरलेलं होतं. ते विन्सने मांडलं होतं, त्यामुळे ते शास्त्रीय वाटायचं. पत्रकाराने गेमची स्तुती केली तर त्याने कंपनीचं खाल्लंय. निंदा केली तर दुसऱ्या कंपनीचं खाल्लंय. मधलंच काहीतरी लिहिलं तर दोघांचंही खाल्लंय. एवढं पक्कं मत असल्यावर वाचण्याचे कष्ट कोण घेतो?

मग एका हिवाळ्यात डग्गन गेला. क्रेनवरून उतरला, डबा उघडला आणि तिथेच हृदय बंद पडलं. क्लबात त्याच्या नावाने सगळे जमले तेव्हा त्याची बायको लोरेन आमच्याजवळ आली. तिच्याकडे त्याचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठेच नव्हता, आणि त्याने लिहिलेली एक ओळ नव्हती. "तुम्ही इतकी वर्षं त्याच्याबरोबर हसलात," ती म्हणाली. "तो काय काय बोलायचा ते मला लिहून द्या ना रे." आम्ही हो म्हणालो. लिहायला बसलो तर कागदावर काही उतरेना. घोड्याची आयाळ लिहून बघितली. ती नुसतीच आयाळ वाटली. विन्स म्हणाला, ते ऐकायलाच हवं होतं. लोरेनने पुन्हा कधी मागितलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी गेम आला. म्हणजे ईमेल आली, आणि तिच्यात ठळक अक्षरांत एका परीक्षणातलं वाक्य होतं: ‘या गेममधला नावाडी हा मला कित्येक वर्षांत भेटलेला सर्वांत जिवंत माणूस आहे. – टेगन मॅकइनेस.’

"नावाडी?" विन्स म्हणाला. "सात बंदरं बांधायला निघाले आणि कौतुक कुणाचं, तर नावाड्याचं? ही बाई नक्की जेवून आलीय."

आम्ही गेम खेळायचा नाही अशी शपथ घेतली. मी त्याच्याही पुढे गेलो. टेगनच्या परीक्षणाखाली मी आमच्या कंपनीच्या अहवालाच्या थाटात लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. ‘सदर नावाडी जिवंत असल्याचा कोणताही पुरावा सादर केलेला नाही’ वगैरे. लोकांनी तिच्याखाली पसंतीच्या उभ्या अंगठ्यांचा पाऊस पाडला. मी दोन दिवस छाती काढून चालत होतो. टेगनने एवढंच उत्तर दिलं: "खेळून बघा."

हे मला झोंबलं. सर्व्हेअरला कुणी ‘जागेवर येऊन बघा’ म्हटलं की तो जातोच. बायको बहिणीकडे गेली होती त्या रविवारी दुपारी मी पडदे ओढून घेतले आणि, शपथ मोडायची नाही, फक्त नुकसानीची पाहणी करायची, असं स्वतःला समजावून गेम उघडला.

गेम भिकार होता. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सातांपैकी दोनच बंदरं होती. समुद्र भांडी घासलेल्या पाण्यासारखा. एक मासेवाली भिंतीत घुसून तिथूनच भाव सांगत होती. मी मुद्दे लिहून घेत घेत धक्क्याच्या टोकाला पोचलो. तिथे एक नाव बांधलेली होती आणि तिच्यात एक जाडगेला म्हातारा बसला होता. मी त्याच्यावर क्लिक केलं. आवाज नव्हता, नुसती अक्षरं उमटली.

"या सरकार. बूट पुसून या. नाव आहे ही, तुमचं घर नव्हे."

मी हात मागे घेतला. मग पुन्हा क्लिक केलं.

"पलीकडे जायचंय? नेतो की. भरती येऊ द्या. भरती आली की मग ओहोटीची वाट बघू."

मी क्लिक करत गेलो. शेवटी आलं: "तो काठावर उभा आहे ना, तो विमावाला. नाव बुडणार नाही असं लिहून द्या म्हणतो. लिहून दिलं तर म्हणतो, शाई जुनी आहे. भला माणूस आहे, सरकार. कुणीतरी हाताला धरून आणा त्याला."

गेममध्ये काठावर कुणी नव्हतं. तिथे मीच उभा होतो. बनवणाऱ्यांची नावं उघडून पाहिली: ‘नावाडी – लेखन: के. डग्गन, बर्नी.’ सगळ्यांत मोठी वर्गणी देणाऱ्याला एक पात्र लिहायला मिळणार होतं. आम्हाला मात्र डग्गन सांगायचा की त्याने सगळ्यांत स्वस्तातली दिली. मला रडू आलं, आणि पडदे ओढलेले होते ते बरं झालं.

मग मी टेगनचं परीक्षण वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण. तिने गेमची सालटी काढली होती. दोन बंदरं, भांड्याचं पाणी, भिंतीतली मासेवाली, माझे सगळे मुद्दे तिने माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा चांगले मांडले होते. फक्त शेवटी लिहिलं होतं की एवढ्या पसाऱ्यात एक नावाडी जिवंत आहे. कंपनीने तेवढंच वाक्य उचललं आणि आम्ही त्या वाक्यावरून तिला सोललं. तिचं न वाचता, आणि आमच्याच मित्राला न ओळखता. तो जिवंत असल्याचा पुरावा मागणारा मी!

आता लोरेनला सांगायला हवं होतं. त्यासाठी आधी शपथ मोडल्याचं विन्सला सांगणं आलं, आणि खरं सांगतो, मी आठवडाभर टाळलं. मित्राचे शब्द सापडले होते आणि मला आपलं हसं होईल याची काळजी होती. असा मी भला माणूस.

गुरुवारी मी विन्सला म्हणालो, "मी गेम खेळलो."

विन्सने ग्लास खाली ठेवला. "कुठवर गेलास?"

"नावाड्यापर्यंत."

"मी पहिल्याच दिवशी खेळलो," तो म्हणाला. "तुला कसं सांगू कळेना. तू ती प्रतिक्रिया लिहून इतका खुशीत होतास."

"लेका, मला गावभर नाचू दिलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू आपला अंगठे मोजत होतास."

आम्ही दोघं माझा कॉम्प्युटर घेऊन लोरेनकडे गेलो. तिने चष्मा लावला, क्लिक केलं, वाचलं. "लबाड," ती म्हणाली. पुन्हा क्लिक केलं. विमावाल्याचं आलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली. डग्गन गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढे क्लिक केल्यावर नावाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला: या सरकार, बूट पुसून या.

"संपलं त्याचं बोलणं," मी जरा ओशाळून म्हणालो. "आता तेच तेच येणार."

"घरी काय वेगळं होतं?" लोरेन म्हणाली आणि पुन्हा क्लिक केलं.

मी कॉम्प्युटर तिथेच ठेवून आलो. आता दर रविवारी ती चहाचा कप घेऊन धक्क्यावर जाते. टेगनला मी माफीचं पत्र लिहिलं. तिने उत्तर पाठवलं, की अहवालाची भाषा तिला आवडली होती आणि मी गेमवर लिहायचा विचार करावा. मी अजून तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवतोय.

गेल्या महिन्यात ईमेल आली. आम्हाला कळवायला अत्यंत आनंद होतो की मार्चमध्ये तिसरं बंदर खुलं होत आहे. नावाडी अखेर पलीकडे जाईल आणि त्याच्या जागी धक्क्यावर वेळापत्रकाचा सुबक फलक लागेल.

"इंटरनेट तोडून टाकू," विन्स म्हणाला. "नवं काही उतरणारच नाही." पण इंटरनेटशिवाय गेम उघडतच नाही. तो तसा उघडेल असंही त्यांनी वचन दिलं होतं.

मग मी पत्र लिहिलं. इतकी वर्षं मी त्या पोरांना ‘बंदरं कुठे आहेत’ म्हणून धारेवर धरलं होतं. या वेळी लिहिलं, की मी तुमचा जुना वर्गणीदार, हात जोडून विनंती करतो, तिसरं बंदर बांधू नका. उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभार, काम जोरात सुरू आहे.

लोरेनला आम्ही काही सांगितलेलं नाही. मार्च आता आलाच आहे. मी रोज ईमेल उघडतो आणि मनात म्हणतो, पोरांनो, आजवर एकदाही वेळ पाळली नाहीत, आता माझ्यासाठी पाळू नका.