माझ्याभोवतीचा कठडा

मी एक जुने मेज आहे, ओक लाकडाचे, आणि मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. म्हातारी वस्तू म्हटली की ती गोड आठवणी सांगणार, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे तशा आठवणी थोड्याच आहेत, त्या आधी सांगून टाकते.

इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या हॅवरस्टोक गावच्या सुताराने, अँब्रोझ थर्लोने, मला घडवले. माझे पाय त्याने जाड ठेवले, कारण गावातली माणसे मेजावर नुसती कोपरे टेकत नाहीत, अख्खे रेलतात, हे त्याला माहीत होते. चर्चच्या मधोमध माझी जागा होती. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाच्या रविवारी सारे गाव माझ्याभोवती बाकांवर बसे, भाकरी मोडून शेजाऱ्याला देई, द्राक्षरसाचा पेला हातोहात फिरे. इतर दिवशी माझ्यावर टोप्या पडत, मुले अक्षरे गिरवत, गावची भांडणेही माझ्यावरच मिटत. कुणी मला पवित्र म्हणत नव्हते, आणि मला त्याची गरजही नव्हती.

मग, आजपासून सुमारे चारशे वर्षांपूर्वी, लंडनमध्ये राजाचे आणि पार्लमेंटचे बिनसले. आम्हाला विचारल्याशिवाय कर लावायचा नाही, असे पार्लमेंटचे म्हणणे. मी फक्त देवाला जबाबदार आहे, असे राजाचे. राजाने सगळ्या सभासदांना घरी बसवले आणि अकरा वर्षे एकट्याने कारभार हाकला. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, तरी त्यांच्याकडून लढाऊ जहाजे बांधायचा कर वसूल झाला. लोक कुरकुरले, शिव्या घातल्या आणि पैसे भरले. राजाने तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण त्याच्या बिशपांची, म्हणजे बड्या धर्माधिकाऱ्यांची, नजर माझ्यावर पडली.

हुकूम आला की मेज पूर्वेच्या भिंतीला लावा आणि पुढे लाकडी कठडा घाला. कारण काय, तर कुत्री येऊन मेज विटाळतात. भाकरी घ्यायची असेल त्याने कठड्याशी येऊन गुडघे टेकावेत. आणि तो कठडा कुणी केला, तर माझ्याच अँब्रोझने. बऱ्याच दिवसांनी मोठे काम मिळाले म्हणून तो खूश होता. "लाकूडच तर आहे, त्यात काय मोठं," असे तो सुनेला म्हणाला. त्याने मन लावून रंधा मारला, कुत्र्याचे पिल्लूही शिरणार नाही इतके गज जवळजवळ बसवले. माझ्या घडवणाऱ्यानेच मला कोंडले, आणि वर काम किती सुबक झाले म्हणून लोकांकडून शाबासकी घेतली.

त्याची सून डॉर्कस, धाकट्या नथॅनिएलची बायको, तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. बाळ दोन आठवड्यांतच गेले आणि चर्चच्या आवारात, दक्षिणेच्या भिंतीपाशी पुरले गेले. बाळंतपणातून उठलेल्या बाईने चर्चमध्ये येऊन देवाचे आभार मानायचे, ही आमच्याकडची रीत. डॉर्कस आली. मूल गमावूनही आभार मानायला आली, हे ध्यानात ठेवा. बिशपांनी पाठवलेल्या नव्या पाद्र्याने सांगितले की डोक्यावरून पांढरे कापड घे, कठड्याशी ये आणि गुडघे टेक.

ती जागची हलली नाही. "पाद्रीसाहेब, कठडा कुत्र्यांसाठी घातलाय ना?" तिने शांतपणे विचारले. "मग मला त्याच्या बाहेर कशाला उभं करता?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसले. पाद्र्याचे कान लाल झाले. ते हसणे डॉर्कसला फार महाग पडले.

त्या वर्षी चर्चचा कारभारी होता जाइल्स, अँब्रोझचा थोरला मुलगा, म्हणजे डॉर्कसचा दीर. हुकूम न मानणाऱ्याचे नाव बिशपच्या न्यायालयाला कळवीन, अशी शपथ कारभाऱ्याला बायबलवर हात ठेवून घ्यावी लागे. जाइल्स दुष्ट नव्हता. तो आठवडाभर जेवला नाही नीट. पण दिलेला शब्द म्हणजे त्याच्या लेखी दगडावरची रेघ, आणि माणसांनी शपथा मोडल्या तर राज्य कसे टिकणार, असे तो पोटतिडकीने म्हणे. त्याने भावजयीचे नाव कळवले. मग माझ्याच शेजारी उभा राहून तिला सांगितले, "मी शपथ घेतलीय, डॉर्कस. माझा इलाज नाही."

"भावजी, तुमच्या शपथेपायी मला माझ्या बाळाशेजारी जागा मिळणार नाही," ती म्हणाली. "तेवढं कळतंय ना तुम्हाला?"

जाइल्सला कळत होते. बिशपच्या न्यायालयाने तिला वाळीत टाकले. वाळीत टाकलेल्या माणसाला आमच्या चर्चच्या आवारात मूठभर मातीही मिळत नसे. पुढच्या हिवाळ्यात तिला तापाने धरले. एकदा कठड्याशी येऊन गुडघे टेक, सगळे मिटेल, असा पाद्र्याचा निरोप गेला. नथॅनिएलने तिच्या हातापाया पडून पाहिले. अँब्रोझ सांगत होता की मी उचलून नेतो, कुणाला कळणारही नाही. तिने नकार दिला. ती गेली, आणि तिला आवाराबाहेर, खंदकापलीकडच्या काटेरी झुडपांत पुरले. तिथून तिच्या बाळाची जागा दिसते, पण मधे आवाराची बुटकी भिंत आहे.

आणि पुढचे ऐकून तुमचेही डोके फिरेल. राजाने स्कॉटलंडवर नवी प्रार्थनेची पोथी लादली, स्कॉट लोक तलवारी घेऊन उठले, आणि त्यांच्याशी लढायला राजाने गावोगावची पोरे धरून उत्तरेला हाकलली. ती पोरे उन्हाळ्यात हॅवरस्टोकहून गेली. जाता जाता त्यांनी कठडा उपटला, हिरवळीवर जाळला आणि त्याच्यावर मांस भाजून खाल्ले. विचारणारे कुणी नव्हते. डॉर्कसला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. एवढी तकलादू होती ती पवित्र गोष्ट.

युद्धाने राजाचा खजिना रिता झाला, तेव्हा त्याला पार्लमेंट आठवले. सभासद आले ते अकरा वर्षांचा हिशेब मागत. राजा चिडला आणि शिपाई घेऊन स्वतः सभागृहात शिरला. पाच जणांना पकडायचे होते, ते आधीच निसटले होते. त्या दिवसानंतर कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही. सैन्य कुणाच्या हाताखाली राहील, यावर दोघे हटून बसले, आणि दोघांनीही गावागावांत माणसे मागितली. थर्लोंच्या घरातून एकाच सकाळी दोघे निघाले. नथॅनिएल पार्लमेंटकडे गेला, बायकोसाठी. जाइल्स राजाकडे गेला, शपथेसाठी. दारात दोघे एकमेकांशी बोललेही नाहीत.

ऑक्टोबरात पहिली मोठी लढाई झाली. जाइल्स तिथेच पडला. कुठल्याशा शेतात चर खणून शेकडोंना एकत्र लोटले, त्यात तोही होता. नथॅनिएल दंडावर जखम घेऊन परत आला.

तोवर मला पुन्हा मधोमध आणून ठेवले होते. त्या पाद्र्याला हाकलून पार्लमेंटच्या मर्जीतला उपदेशक आला होता. पहिल्याच प्रभुभोजनाला सगळे बाकांवर बसले, अँब्रोझही बसला, काठीवर हनुवटी टेकून. मला वाटले, चला, संपले एकदाचे. इतक्यात उपदेशकाने भाकरीचे ताट त्याच्यापुढून मागे ओढले. आधी उभा राहा, म्हणाला, आणि सर्वांसमोर सांग की तुझा थोरला मुलगा देवाचा वैरी होता.

अँब्रोझने काठीवरून हनुवटी उचलली. मग नथॅनिएलकडे वळला.

"तिला गुडघे टेकायला लावत होते. मला पोराला शिव्या द्यायला लावतायत. तू लढलास ना रे? बोल काहीतरी."

नथॅनिएलच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्याने वर पाहिले नाही. म्हातारा उठला, माझ्या कडेला धरून सावरला आणि बाहेर गेला. दार लागल्यावर नथॅनिएलने तो तुकडा तोंडात टाकला. एवढे सगळे सोसूनही ते मला सोसले नाही.

मित्रांनो, आता मी एका संग्रहालयात काचेआड आहे. माझ्यापुढे पाटी लावलीय, हात लावू नका म्हणून. तुमच्या घरी, शाळेत, चावडीवर माझ्यासारखे एखादे मेज असेलच. त्याला तेलपाणी करा, वाळवीपासून जपा, पण त्याच्याभोवती कुणाला बसू द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवायला कुणी आला, तर त्याला आधीच अडवा. अडवायची हिंमत नसेल, तर ते मेज फोडून चुलीत घाला. निदान त्याच्यावर कुणाचे तरी अन्न शिजेल.