अंगी न लागणारा भात

त्या गावात वर्षभरात तीन तान्ही मुलं गेली होती आणि तिन्ही तिसऱ्या महिन्यात. गाव ब्रह्मदेशातलं, इरावतीच्या मुखाकडचं, खाडीकाठचं. तिथल्या उपकेंद्रावर ऐ मो नावाची सुईण नेमणुकीला होती. गाव तिला सयामा म्हणे; बाई म्हणावं तसं. तिसरं मूल तिच्या मांडीवरच गेलं. आदल्या दिवशीपर्यंत अंगावर पिणारं पोर. सकाळी उलट्या, दुपारी धाप, आणि रडायला तोंड उघडलं तरी आवाज नाही. न्यूमोनिया समजून तिने त्याचं इंजेक्शन दिलं. होडी तालुक्याला लागायच्या आत सगळं आटोपलं होतं.

ते बिनआवाजाचं रडणं तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने ट्रंकेच्या तळातून प्रशिक्षणाच्या वह्या काढल्या. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: बेरीबेरी. आवाज बसतो, धाप लागते, हृदय फुगतं, आईच्या जेवणात बी-वन जीवनसत्त्व नसेल तर अंगावरच्या मुलाला होतं. पुढे कारणही होतं. बी-वनपासून शरीर एक को-एन्झाइम बनवतं. ते नसेल तर भातातली साखर अर्ध्या वाटेवर अडते. पोट भरलेलं असतं, पण ताकद होत नाही. सगळ्यात आधी दमतं ते हृदय. परीक्षेसाठी हे तिने घोकलं होतं, मार्कही मिळवले होते.

तिने तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला.

"सयामा, बेरीबेरी हा माझ्या आजोबांच्या काळातला रोग. आता कुठला?"

"नसेलही, डॉक्टर. मला बी-वनची दहा इंजेक्शनं पाठवा. चुकले तर तुमची तुम्हाला परत."

तिसऱ्या फोनला वैतागून त्यांनी पाठवली.

त्यानंतर ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊन चुलीपाशी बसू लागली. नी लार नावाच्या बाळंतिणीच्या घरात तिला जे दिसलं तेच बाकीच्या घरांतही होतं. बी-वन ज्यात असतं तो कोंडा काढलेला पांढरा तांदूळ चार पाण्यांनी धुवायचा, पेज ओतून द्यायची, वर मीठ आणि भाजलेला सुका मासा. कडधान्य नाही, डुकराचं मांस नाही, पाला नाही. नी लारच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. तिची मुलगी मे थ्वे अडीच महिन्यांची होती.

"आजी, हिला मूग द्या," ऐ मो सासूला म्हणाली. "मी देते त्या गोळ्या द्या. पेज टाकू नका, नुसत्या मीठभाताने दुधातून बाळाला काही मिळत नाही."

म्या सेइन आजीने पानाची पिचकारी खांबांवरच्या त्या घराच्या फळ्यांच्या फटीतून खाली टाकली. "मुगाने बाळंतिणीला वारं धरतं. तुझी किती बाळंतपणं झाली गं, सयामा?"

"एकही नाही."

"मग आधी एक होऊ दे, मग शिकव."

गोळ्या आजीने घेतल्या आणि फडताळात ठेवून दिल्या.

नवव्या दिवशी सकाळी मे थ्वेने दूध टाकलं. ऐ मो पोचली तेव्हा बाळाचा बाप, को पाउ, होडीत डिझेल ओतत होता. बाळ नी लारच्या मांडीवर होतं. ओठ निळसर, छातीचा भाता चाललेला, तोंड उघडं, आणि आवाज नाही. ऐ मोने पेटी उघडली.

आजी मध्ये आली. "सुई नको. मागच्यालाही सुई टोचलीस. गेलं ना?"

"गेलं. मी चुकीची सुई टोचली होती," ऐ मो म्हणाली. "आज ही टोचणार. तालुका तीन तासांवर आहे, आजी, आणि हिच्याकडे तीन तास नाहीत. मी तुमच्याबरोबर होडीत बसते. काही झालं तर परत येऊन याच दारात उभी राहीन. मग काय बोलायचं ते बोला. आता बाजूला व्हा."

असलं कुणी आजीशी बोललं नव्हतं. ती बाजूला झाली.

इंजेक्शन देऊन ते निघाले. पहिला अर्धा तास काहीच फरक पडला नाही. ऐ मो बाळाचे श्वास मोजत राहिली. को पाउ सुकाणूवरून पुन्हापुन्हा मागे बघत होता. तासाभराने श्वासांची घाई कमी झाली, ओठांवर रंग आला. तालुक्याचा धक्का दिसू लागला तेव्हा मे थ्वे आईला बिलगून दूध ओढत होती. नी लार रडत होती आणि ऐ मोचा हात सोडत नव्हती.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ऐ मोकडची टिपणं वाचली, पुन्हा तपासलं. "अजून किती इंजेक्शनं हवीत?" त्यांनी एवढंच विचारलं.

आवाज मात्र लगेच आला नाही. पाच दिवस ते पोर घोगरं कुरकुरत होतं, सहाव्या दिवशी घर डोक्यावर घेऊन रडलं.

त्या दिवशी आजी उपकेंद्रात आली. बाकावर बसली, पान लावलं, पण तोंडात घातलं नाही.

"माझे दोन असेच गेले," ती म्हणाली. "को पाउच्या आधीचे. आवाज न करता. मी नुसत्या मीठभातावर होते, माझ्या सासूने ठेवलं होतं तशी. म्हणजे मीच मारले ना गं ते?"

ऐ मो बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आजी. मला तर शिकवलं होतं. तरी मागच्या महिन्यात ते पोर माझ्या मांडीवर गेलं."

आजीने लावलेलं पान पुन्हा डब्यात ठेवलं.

"मूग मी देणार नाही," आजी अखेर म्हणाली. "माझं मन घेत नाही. गोळ्या देते, समोर उभी राहून. आणि पेज टाकणार नाही."

"चालेल. मुगाचं पुढच्या महिन्यात भांडू."

गावात अजून सहा बायका पोटुशा होत्या. ऐ मोने नावांचा कागद घेतला, गोळ्यांची पिशवी खांद्याला लावली. आजीही उठली.

"कुठे निघालात?"

"लाकूडवाल्यांच्या घरी. तिथली म्हातारी तुला उंबरा ओलांडू द्यायची नाही. माझ्यापेक्षा खाष्ट आहे."

"मग तुम्ही काय सांगणार तिला?"

"माझ्या दोघांचं सांगेन," आजी म्हणाली आणि बांबूच्या साकवावर ऐ मोच्या पुढे चालू लागली.