सतरा ऑक्टोबरचे पान

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. पण आधीच सांगून टाकतो, मला कोणाची कीव नको आहे. माझ्या कण्याची शिवण ढिली झाली आहे, माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत, आणि माझ्या एका पानाच्या समासात पेन्सिलीने जे लिहिले आहे, त्याने एका भल्या माणसाला चारचौघांत घाम फोडला होता. यांपैकी कशाचीही मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची, आणि तीही मी सांगणार आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. अक्षरांचे खिळे जुळवणारे काका माझा मजकूर कधी वाचत नसत. "वाचत बसलो तर जुळवणार कधी?" असे ते म्हणत, आणि ते खरेच होते. मी मननाचा ग्रंथ. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, अशी माझी तीनशे पासष्ट पाने. रोज सकाळी त्या तारखेचे पान वाचायचे, देवाचे स्मरण करायचे आणि कामाला लागायचे. लीप वर्षात एक दिवस माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नसे, आणि त्या दिवशीही लोकांचे बरे चालत असे. मला लिहिणारे गृहस्थ सज्जन असावेत. पण जानेवारीत ते जेवढे ताजेतवाने दिसतात तेवढे ऑक्टोबरात दिसत नाहीत. तोवर ते दमले असावेत, असा मला दाट संशय आहे.

माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवली गेली आणि कोणीतरी मला चर्चच्या वाचनालयाला भेट दिले. वाचनालय म्हणजे काय, तर मागच्या खोलीतले काचेचे एक कपाट. त्याची किल्ली मंडळीच्या चिटणीसांकडे असे. पाहुणे आले की चिटणीस मला बाहेर काढत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "बघा, काय ग्रंथ आहे!" पाहुणेही "वा!" म्हणत. मग मी परत आत जाई. उघडून कोणी पाहिले नाही. असे किती वर्षे चालले ते मी मोजले नाही. मित्रांनो, स्तुतीने पोट भरत नाही, हे मी कपाटात शिकलो.

आता ती लाजेची गोष्ट.

एका सतरा ऑक्टोबरला पाळकसाहेब घाईघाईने कपाटापाशी आले. त्यांना दफनभूमीकडे जायचे होते. मंडळीतल्या टेलरबाईंची धाकटी बहीण बावीस वर्षांची होऊन तापाने गेली होती. दोघी बहिणींचे मिळून शिवणकामाचे दुकान होते. मोठी कापायची आणि शिवायची, धाकटी काजे करायची, बटणे लावायची. तिच्यासारखी काजे कोणाला जमत नसत, असे त्या दिवशी येणारा प्रत्येक जण म्हणत होता. पाळकसाहेब तेव्हा नवे होते, तरुण होते आणि भांबावलेले होते. त्यांनी मला उचलले, तारखेचे पान काढले, आणि कबरेशी उभे राहून ते मोठ्याने वाचले.

पानाचे नाव होते 'दुःखाबद्दल आभार'. त्यात लिहिले होते की देवाला जे फार आवडतात त्यांना तो लवकर नेतो, तेव्हा मागे राहिलेल्यांनी रडू नये, आभार मानावेत. मी त्यांच्या हातात उघडा होतो. समोर टेलरबाई उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती, काढायचे भान कोणाला नव्हते. त्या रडत होत्या, आणि माझ्या तोंडून त्यांना सांगितले जात होते की रडू नका. मित्रांनो, ते पान कोणी लिहिले, कोणी छापले, मला कोणी विचारले नव्हते. पण ते माझ्या पोटात होते. मला मिटता आले असते तर मी तिथल्या तिथे मिटलो असतो.

चार दिवसांनी टेलरबाई कपाटापाशी आल्या.

"त्या दिवशी वाचलं ते पुस्तक हवंय."

चिटणीसांना गहिवरून आले. "घेऊन जा बाई, घेऊन जा. फार दिलासा आहे त्या ग्रंथात."

टेलरबाईंनी मला कापडाच्या पिशवीत टाकले, घरी नेले, मशीनच्या टेबलावर ते पान उघडले आणि कानामागची पेन्सिल काढून समासात एकच शब्द लिहिला. 'नाही.' इतका दाबून, की मागच्या पानावर त्याचा वळ उठला.

मला वाटले, आता ही बाई मला भिरकावून देणार. झाले भलतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा उघडले आणि पुढचे पान वाचले. घरात म्हातारी आई होती, तिला ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचले. मग त्याच्या पुढचे. दर पंधरा दिवसांनी त्या मला कपाटापाशी न्यायच्या, कार्डावर तारीख घालून घ्यायच्या आणि परत आणायच्या. मला दुसरे कोणी मागतच नव्हते, त्यामुळे भांडण नव्हते.

त्या घरात मी खराखुरा जगलो. माझ्यावर चहाचे डाग पडले, पानांत दोऱ्याचे तुकडे अडकले. समास बोलू लागले. 'हे बरोबर.' 'हे करून बघितलं, जमतं.' सहनशीलतेच्या पानावर लिहिले, 'लिहिणाऱ्याने कधी गिऱ्हाईक सांभाळलेलं दिसत नाही.' क्षमेच्या पानावर लिहिले, 'शेजारीण सोडून.' तीन वर्षांनी ते खोडून शेजारी लिहिले, 'बरं, शेजारीणही.' त्या बाईंनी माझी काही पाने इतक्या वेळा वाचली, की गिऱ्हाइकाच्या बाह्या जोडताना त्या ती पुटपुटत असत.

आणि दर वर्षी सतरा ऑक्टोबर येई. त्या दिवशी मशीन बंद असे. त्या ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, एक शब्द न गाळता, आणि खाली एक ओळ लिहीत. 'अजून नाही.' पुढच्या वर्षी, 'आई आजारी. तरी नाही.' मग, 'आज धाकटी तीस वर्षांची असती. नाही.' एका वर्षी, 'आभार मानून बघितले. तोंडातून निघाले नाहीत. प्रभू, क्षमा कर, पण नाही.'

एकदा आईने विचारले, "अगं, पुस्तकाशी भांडतेस होय?"

"देवाशी भांडतेय. पुस्तक मधे आलं."

"मग जेवून भांड," आई म्हणाली आणि ताट पुढे सरकवले.

अशा अकरा ओळी झाल्या. त्या वर्षीच चर्चला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि चिटणीसांच्या मनात जुन्या ग्रंथांचे प्रदर्शन भरवायचे आले. माझी सोनेरी पाठ त्यांना आठवली. त्यांनी मला बोलावून घेतले, इतक्या वर्षांत प्रथमच उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"देवाच्या पुस्तकात? 'नाही' म्हणून? एकदा नाही, अकरा वेळा?"

"वर्षातून एकदाच लिहिलंय."

चिटणीस वाईट माणूस नव्हते. कोणी आजारी पडले की रात्रंदिवस उशाशी बसणारा माणूस. पण स्वच्छ पानावर त्यांचा फार जीव. त्यांनी खिशातून नवेकोरे रबर काढून टेबलावर ठेवले. "रविवारपर्यंत पुसून आणा. नाहीतर मला वाचनालयातून तुमचं नाव कमी करावं लागेल, आणि हा ग्रंथ तुम्हाला पुन्हा मिळणार नाही."

टेलरबाई मला घेऊन घरी आल्या. दुपार होती. त्यांनी मला मशीनपाशी उघडले आणि ते रबर शेजारी ठेवले. मी गेलो असतो तर त्यांच्या सकाळी गेल्या असत्या. तरी त्या ओळी पुसू नका, असे मला ओरडून सांगायचे होते. आमच्या जातीला तोंड असते, आवाज नसतो. शेवटी त्यांनी रबर उचलले आणि सगळ्यांत वरचा, सगळ्यांत जुना शब्द घासायला सुरुवात केली. दफनानंतरच्या चौथ्या दिवसाचा तो 'नाही'. मित्रांनो, मला कसर लागली आहे, मी ओलावा सोसला आहे. पण त्या रबराइतके मला काही लागले नाही. शब्द गेला. राखाडी डाग राहिला.

"काय पुसतेस?" आईने खाटेवरून विचारले.

"माझंच लिहिलेलं."

"खोटं लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग रबर कशाला झिजवतेस?"

टेलरबाईंनी रबर खाली ठेवले. मग त्या टेबलावर डोके टेकून रडल्या, अकरा वर्षांचे एकदम. माझे एक पान भिजले. ते अजूनही फुगलेले आहे, आणि ते मी मोठ्या दिमाखात मिरवतो.

रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मागच्या खोलीत सर्वांसमोर मला टेबलावर ठेवले. रबर माझ्यावर ठेवले.

"पुसलं नाही मी. एक शब्द पुसला, त्याचाही पस्तावा झालाय."

चिटणीस पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, तुम्हीच सांगा आता. श्रद्धेचं पुस्तक आहे. उद्या सगळेच समासात लिहायला लागले तर?"

"लिहू देत की," टेलरबाई म्हणाल्या. "तेवढं उघडतील तरी."

मागे कोणीतरी खुदकन हसले. टेलरबाई हसल्या नाहीत. त्या पाळकसाहेबांकडे बघत होत्या. "साहेब, गिऱ्हाईक कपडा घालून बघतं तेव्हा मी त्यावर खडूने खुणा करते. इथे घट्ट होतोय, इथे सैल, इथे उसवायचं. चिंधीवर खुणा करत बसायला मला वेळ नाही. जो कपडा अंगात घालायचाय त्यावरच मी खुणा करते. हे पुस्तक मी अकरा वर्षं रोज घालतेय. सतरा ऑक्टोबरला ते काखेत काचतं. काचतं तिथे काचतं म्हणून लिहिलं. देवाला मापं कळत नाहीत असं थोडंच आहे?"

पाळकसाहेबांनी मला उचलले. आता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी ते पान वाचले आणि मग समास वाचला, ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या मुलासारखा. त्यांचे बोट त्या राखाडी डागावर थांबले.

"त्या दिवशी मीच वाचलं होतं हे," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचेना. तारखेचं पान होतं, वाचून टाकलं."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुमच्याशी भांडले नाही."

"भांडायला हवं होतंत, ताई." त्यांनी टेबलावर घरंगळलेले रबर उचलले आणि स्वतःच्या खिशात टाकले. "पुसायचं नाही. हेच पान उघडून ठेवा प्रदर्शनात."

चिटणीसांचे तोंड कडू झाले, पण हार मानणारा तो माणूस नव्हे. प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी मला काचेशिवाय, उघड्या टेबलावर मांडले आणि समासावर पांढऱ्या कागदाची एक पट्टी घातली. "साहेब पुसू नका म्हणाले," ते कुजबुजले. "झाकू नका म्हणाले नाहीत."

मित्रांनो, कपाटात ज्या मला कोणी विचारत नव्हते, त्या माझ्यापुढे त्या दिवशी रांग लागली! झाकलेले दिसले की माणसाची बोटे शिवशिवतात. जो येई तो इकडेतिकडे बघून पट्टी उचले आणि वाचून परत ठेवी. एक म्हातारे गृहस्थ सर्वांत जास्त वेळ उभे होते. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झाले होते. "बरं झालं कोणीतरी लिहिलं," ते स्वतःशीच म्हणाले आणि नाक शिंकरत निघून गेले. संध्याकाळपर्यंत ती पट्टी बोटांनी मळून लोंबू लागली. चिटणीसांनी ती काढली, नवी घालायला कागद घेतला, जरा वेळ हातात धरला आणि मग घडी घालून खिशात ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, ग्रंथाने शेवटी उपदेश करावा. करतो. आम्हाला जपा, पण चादरीत गुंडाळून जपू नका. आमच्यापुढे नुसती मान डोलावू नका. चिटणीसांच्या पाहुण्यांनी डोलावली होती, आणि मी कपाटात पिवळा पडलो. आम्ही चुकतो. आमच्या पोटात एखादे पान असे असते की ते वाचून कोणाचे तरी काळीज फाटते. तिथे थांबा, आणि पटत नसेल तर तसे सांगा. मात्र, तेवढ्यावर आम्हाला मिटून टाकू नका.

परवा बारावा सतरा ऑक्टोबर झाला. टेलरबाईंनी पान पूर्ण वाचले, पेन्सिल उचलली, आणि बघतात तो समासात जागाच उरलेली नाही. त्यांनी एक कोरा कागद मापाने कापला, सुईत जाड दोरा ओवला आणि तो माझ्या त्या पानाशेजारी शिवून टाकला. सहा टाके, एकही वाकडा नाही. आता तीनशे सहासष्टावे पान माझ्याकडेही आहे. त्यावर सगळ्यांत वर त्यांनी पुसलेला शब्द पुन्हा लिहिला, पहिल्याइतकाच दाबून. 'नाही.' त्याखाली लिहिले, 'बारावं वर्ष. अजून नाही.'

मग त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली, आणि शेजारी लिहिले, 'उद्याचं पान सकाळी वाचते.'