सत्काराची खेळाडू

आमच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाला नवे ट्रॅकसूट आले तेव्हा ते तीनच आले. खेळणाऱ्या मुली बारा, पण ट्रॅकसूट क्रीडा संचालक बिराजदार सरांना, प्रशिक्षक ऋतुराज सरांना आणि व्यवस्थापिका वच्छला मॅडमना. आम्ही उसवलेले जुने टी-शर्ट घालून त्यांच्या मागं उभ्या राहिलो आणि टाळ्या वाजवल्या.

मी भार्गवी, कॅचर, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारी. होम प्लेटमागं बसलं की अख्खं मैदान समोर दिसतं, आणि मैदानाबाहेरचे उद्योगही दिसतात. त्यामुळं या तिघांबद्दलचं माझं मत ऐकीव नाही. बिराजदार सरांना खेळापेक्षा खेळाचं उद्घाटन आवडतं. ऋतुराज सर मूळचे क्रिकेटवाले. दोन वर्षं झाली तरी पिचिंगला बोलिंग म्हणतात, आणि आम्ही हरलो की 'जिद्द कमी पडली' असं सांगून चहाला जातात. वच्छला मॅडम मराठी शिकवतात. मुलींच्या संघाबरोबर बाई लागते म्हणून त्या येतात, आणि सत्काराचं सामान सांभाळतात. टॉवेल, नारळ, गुलाब, सगळं मोजून पिशवीत. प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे ते मात्र त्यांना विचारू नये.

खेळ काय तो भुवनेश्वरीकडं होता. दुधनीची पोर. घरी कन्नड, मैदानावर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तिचा चेंडू ग्लोव्हजमध्ये आदळला की माझा तळहात संध्याकाळपर्यंत हुळहुळायचा. तिचं हे शेवटचं वर्ष. घरच्यांनी बजावलं होतं, विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर पुढं बी.पी.एड. कर, नाहीतर गुमान घरी ये. निवड समिती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल बघायला येणार होती.

"सात इनिंग नीट टाकायला मिळू दे गं," फायनलच्या सकाळी बूट बांधताना ती म्हणाली. "बाकीचं मी बघते की."

मिळेल, असं मी म्हणाले. मीही मूर्खच.

आमच्याकडं एक रीत आहे. पाहुणा मैदानात आला की त्याला टॉवेल-नारळ द्यायचा, आणि तो संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूच्या हातून. बिराजदार सरांचा हा नेम चुकत नाही. दुसऱ्या इनिंगला संस्थेचे उपाध्यक्ष आले. भुवनेश्वरी पिचिंग करत होती, समोरचा संघ हतबल होता, आणि ऋतुराज सर रेषेवरून हात हलवत होते.

"भुवनेश्वरी, ये की. दोन मिनिटं."

अंपायर म्हणाले, सामना थांबणार नाही, बदली खेळाडू द्या. सरांनी दिली. पायल आत गेली, भुवनेश्वरी पाहुण्यांच्या मांडवात जाऊन टॉवेल देऊन आली, आणि अंपायरनी वहीत नोंद करून तिला परत घेतलं. सॉफ्टबॉलमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला परत येता येतं. पण एकदाच. हे आम्हा बारा मुलींना पाठ होतं.

पाचव्या इनिंगला आम्ही तीन-शून्यनं पुढं होतो. निवड समितीतले दोघं खुर्च्या पुढं ओढून बसले होते. तेवढ्यात फाटकात पांढरी गाडी शिरली. खुद्द अध्यक्ष. बिराजदार सर चप्पल निसटेल असे धावले, मॅडमनी पिशवीतून नारळ काढला, आणि रेषेवर पुन्हा तोच हात हलायला लागला.

मी मास्क काढून पळत गेले. "सर, आता ती बाहेर आली तर परत घेत नाहीत."

"मला नियम शिकवू नको," ऋतुराज सर म्हणाले. "मगाशी घेतलं की नाही?"

"ते एकदाच असतं सर."

"पायलच्या हातून देऊ का मग?" मॅडमनी विचारलं. तिघांत तेवढीच एक अक्कल, आणि तीही बिराजदार सरांनी उडवून लावली. "अध्यक्षांना राखीव खेळाडूच्या हातून? काहीतरीच काय!"

भुवनेश्वरीनं चेंडू माझ्या हातात ठेवला. "सर मांडवातनं ओरडायलेत, सगळे बघायलेत. काय करू सांग." मी मास्क परत चढवला. ती गेली.

परत आली तेव्हा अंपायरनी मान हलवली. ऋतुराज सर तावातावानं भांडले. "अहो, सत्काराला नेली होती, खेळातून थोडीच काढली!" अंपायर हसले नाहीत, एवढीच त्यांची सभ्यता. पायल बिचारी फुटबॉलमधून आणलेली. तिचे चेंडू कुठंही जायचे. फलंदाज न मारता फुकट बेसवर चालत गेल्या, एकीमागं एक. आम्ही पाच-तीननं हरलो. भुवनेश्वरी बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

बक्षीस समारंभात यादी वाचली. तिचं नाव नव्हतं. मी समितीच्या माणसाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "हात चांगला आहे, पण फायनल अर्ध्यात सोडून मांडवात जाऊन बसणारी पोरगी कशी घ्यायची?" शेवटी त्यानं विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक जाहीर केले. ऋतुराज सर. व्यवस्थापिका वच्छला मॅडम. आमच्या कॉलेजमधून निवड झाली ती ही.

बिराजदार सरांना भरून आलं. त्यांनी माइक धरला. "दोघांचा सत्कार आपल्या भुवनेश्वरीच्या हस्ते होईल."

आणि ती गेलीसुद्धा. टॉवेल दिला, नारळ दिला, खाली उतरली. बॅग खांद्याला लावली.

"अगं, परत ये," माइकवरून हाक आली. "मॅडमचे डोळे मिटले फोटोत. पुन्हा एकदा दे."

भुवनेश्वरी वळली.

"न्हाय सर. दुसऱ्यांदा भाईर पडलं की परत येता येत न्हाय. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

ती फाटकाकडं चालू लागली. दुधनीला जायला तिला घाई कसली होती? तरी ती थांबली नाही. ऋतुराज सर आजूबाजूला बघत म्हणाले, "जिद्द कमी आहे हल्लीच्या पोरींत." मग त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "भार्गवी, तू ये."

मला पुढच्या वर्षी खेळायचं होतं. मी तिच्या मागं पळायला हवं होतं, निदान जागेवर बसून राहायला हवं होतं.

तो फोटो जिमखान्याच्या काचेच्या फळ्यावर लावलाय. तिघंही नव्या ट्रॅकसूटमध्ये, मॅडमचे डोळे उघडे. नारळ माझ्या हातात आहे, आणि मी हसते आहे.