समासातली अक्षरं

सुहासिनी कारखानीस अंबरनाथच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचनालयाकडे नवी पुस्तकं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून महिन्यातून एकदा ती उल्हासनगरला लछमनदासच्या रद्दीच्या दुकानात जाऊन बसायची. १९८७ च्या मार्च महिन्यात तिथे तिला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. कारखान्यांच्या कायद्यांवरचं, लंडनला १८९५ साली छापलेलं. आतल्या पानावर शाईने मराठीत सही होती : दगडू बाळोजी कोळंबे.

सुहासिनी उभीच राहिली. कोळंबे म्हणजे गिरणीत माग चालवता चालवता कायदेमंडळात गेलेले जुने कामगार पुढारी. तिच्या वडिलांच्या तोंडी त्यांचं नाव असायचं.

"मॅडम, ये पूरा लिखा हुआ है, कोई नहीं लेगा," लछमनदास म्हणाला. "ऐसे ही ले जाओ."

खरंच, पानापानाच्या समासात पेन्सिलीने अवघड इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिले होते. सुरुवातीला अक्षर मोठं, वेडंवाकडं. पुढे पुढे सुबक होत गेलेलं.

वाचनालयाचे अध्यक्ष चिंतामणी गुप्ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. पुस्तक पाहून ते हरखले. "चाळिशीतला माणूस, दिवसभर मागावर उभा राहून हा अभ्यास करतो! कोळंबे सांगायचेच, मी एकट्याने इंग्रजी शिकलो म्हणून. एक मेला समारंभ करू. काचेच्या कपाटात ठेवू हे."

सुहासिनीने पुस्तक घरी नेऊन सावकाश वाचलं. एका कलमात अकरा वर्षांच्या मुलांना कामावर ठेवण्याबद्दल लिहिलं होतं. समासात अर्थ होता : 'अकरा वर्षांचे मूल. म्हणजे माझ्याएवढी.'

माझ्याएवढी? ती त्या शब्दाशी अडकली. दुसऱ्या दिवशी तिने गुप्त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चुकून लिहिलं असेल. पण त्यांची मुलगी बदलापूर गावात राहते. माई म्हणतात तिला. समारंभाचं आमंत्रणही देऊन या."

माई पंचाहत्तरीच्या होत्या. ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. सुहासिनीने पिशवीतून पुस्तक काढलं, तशी त्यांनी मान फिरवली.

"हे परत कशाला आणलंस? मीच घातलं होतं रद्दीत."

"माई, तुमच्या वडिलांचं पुस्तक आहे हे!"

"सही त्यांची आहे."

सुहासिनीने 'माझ्याएवढी' लिहिलेलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. माईंनी चष्मा पुसला, वाचलं आणि हसू आवरेना तसा पदर तोंडाला लावला.

"मिशनच्या शाळेत होते मी," त्या म्हणाल्या. "दर रविवारी सकाळी बाबा हे घेऊन बसायचे. मी डिक्शनरीत शब्द शोधायचा, लिहायचा, त्यांना समजावायचा. दोन वर्षं चाललं. मग संप झाला, बाबा तुरुंगात गेले. भावांची शाळा चालू राहिली, माझी सुटली. बाबा सुटून आले, पुढे कायदेमंडळात गेले. भाषणात सांगायचे, एकट्याने शिकलो. मी समोर बसलेली असायची."

"मग समारंभात हे खरं सांगूया," सुहासिनी तावातावाने म्हणाली. "ते खोटं बोलले म्हणून सांगूया."

"नाही गं." माईंनी तिचा हात धरला. "शिकले ते. आठवडाभर मागावर राबलेले असायचे, डोळे मिटत असायचे, तरी पुस्तकावरून उठायचे नाहीत. फक्त एकटे नव्हते."

सुहासिनीने गुप्त्यांना सगळं सांगितलं. ते आधी नाराज झाले. "आता पत्रिका छापून झाल्यात," म्हणाले. पण पुस्तक घेऊन खिडकीशी बसले, चार-पाच पानं पुन्हा वाचली, आणि मग स्वतःच म्हणाले, "कपाटात पुस्तकाशेजारी चिठ्ठी ठेवू, तिच्यावर दोन नावं लिहा. माईंचं खरं नाव विचारून घ्या."

एक मेला माई नातसुनेबरोबर रिक्षाने आल्या. कपाटातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'मालक – दगडू बाळोजी कोळंबे. समासातील अर्थ – त्यांची मुलगी सरस्वती, वय अकरा ते तेरा.' माईंनी ते दोनदा वाचलं. गुप्त्यांनी त्यांना बोलायची विनंती केली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या, माइककडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाबांना 'इन्स्पेक्टर' म्हणता येत नव्हतं. 'निस्पेक्टर' म्हणायचे. मी फार हसायची." लोक हसले. त्या मात्र रडू लागल्या आणि खाली बसल्या.

चहा झाल्यावर त्या सुहासिनीच्या टेबलाशी आल्या. "सभासद व्हायला काय लागतं?"

सुहासिनीने फॉर्म दिला. माईंनी तो स्वतः भरला. शिक्षणाच्या रकान्याशी थोड्या थांबल्या, मग 'सहावी' असं लिहून सही केली.

"कोणतं पुस्तक देऊ, माई? कामगार चळवळीवरची बरीच आहेत आपल्याकडे."

"नको बाई, कायदा पुरे झाला," माई म्हणाल्या. "एखादी खुनाची गोष्ट असेल तर दे. जाडशी बघून दे."