जिन्याखालचा देश

मी वॉशिंग मशीन बोलतेय. कोपरीतल्या एका दुमजली चाळीत जिन्याखाली माझं बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणजे काय, तर डोक्यावर पायऱ्या, शेजारी नळ आणि मागच्या भिंतीत एक प्लग.

माझ्या बहिणी कुणाच्या लग्नात, कुणाच्या हप्त्यावर आपापल्या घरी गेल्या. मी मात्र सोडतीत निघाले. चाळीच्या मंडळाने वर्गणीतून एक तिकीट काढलं होतं, त्यालाच मी लागले. त्यामुळे मी सगळ्यांची झाले आणि कुणाच्याच खोलीत मावेना. मंडळाचे अध्यक्ष सहदेवभाऊ मला विकून टाकायच्या बेतात होते.

तेवढ्यात निशिगंधा मध्ये पडली. ही कलावतीबाईंची नात, कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिला प्रकल्प मिळाला होता. एक समाजवादी राष्ट्र कल्पायचं आणि तिथलं सरकार, अर्थव्यवस्था नि समाज कसा असेल ते लिहायचं.

"काका, विकू नका ना हिला. नुसतं मनातल्या मनात काय लिहू मी? आपण हिच्यावरच देश काढू," ती म्हणाली.

चाळ हसली, पण तयार झाली. देशाचं नाव ठरलं 'समाईक'. कारभार पाळीपाळीने एकेका खोलीकडे, आणि मोठा निर्णय असला की सगळ्यांनी गॅलरीत जमायचं. विजेला आणि पावडरीला प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे द्यायचं, धुवायचं मात्र गरजेप्रमाणे. तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल ते घर पहिलं. शिवाय ज्याचा कपडा त्यानेच आणून टाकायचा. या शेवटच्या कायद्याने खरी क्रांती झाली. सहदेवभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा कपडे धुवायला टाकले ते खिशातल्या सुपारीसकट. पुढे आठवडाभर माझ्या पोटात सुपारी खडखडत होती.

देश बरा चालला होता. पण एक माणूस कधीच माझ्याकडे फिरकत नसे. शेवटच्या खोलीतला धोंडीबा. तो ठेकेदाराकडे गटारं साफ करायच्या कामावर होता. कामावरून आला की मागच्या नळावर आपले कपडे आपण घासायचा. निशिगंधाने हे पाहिलं आणि त्याला बोलावून आणलं. तो बादली घेऊन आला खरा, पण जिन्यापाशीच थांबला.

कलावतीबाई वरून म्हणाल्या, "अगं, आमच्या देव्हाऱ्यातला कपडासुद्धा तिच्यातच पडतो. जरा विचार कर."

गॅलरीत सगळे जमले. सहदेवभाऊंनी तोडगा काढला. धोंडीबाला वेगळा वार द्यायचा, सगळ्यांचं झाल्यावर. त्याच्यानंतर मशीन एकदा नुसत्या पाण्यावर फिरवायची. कुणालाच वाईट वाटणार नाही, असं ते अगदी मायेने सांगत होते. माना डोलल्या.

"मग समाज या भागात मी काय लिहू?" निशिगंधाने विचारलं.

धोंडीबाने बादली उचलली. "राहू दे पोरी. देश चांगलाय तुझा. मी आपला शेजारच्या देशात राहतो."

तो वळला तोच रंभा उठली. रंभा कोळीण, स्टेशनाबाहेर मासळी विकते. एरवी सभेत ती बोलत नसे.

"थांब रे धोंडीबा," ती म्हणाली. "माझी लुगडी धुवून झाली का माझ्यामागं मशीन रिकामी फिरवता तुम्ही. मना काय कलत नाय? आवाज येतो ना वर."

ते खरं होतं. किती वेळा मी तशी रिकामी फिरले होते, आणि ते कुणासाठी हे मला ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं एवढंच.

रंभाने आपलं लुगडं माझ्यात टाकलं, वर धोंडीबाचा खाकी शर्ट टाकला आणि बटण दाबलं. जिन्यावर उभं राहून सगळी चाळ बघत होती. कपडे निघाले तेव्हा निशिगंधाने आपला ड्रेस टाकला. मध्ये रिकामं पाणी फिरवलं नाही.

त्यानंतर समाईकची लोकसंख्या घटली. दोन घरांनी स्वतःच्या मशिनी घेतल्या. कलावतीबाई पुन्हा मोरीत कपडे घासू लागल्या. देश सोडणाऱ्यांत आपली आजीही आहे हे निशिगंधाने प्रकल्पात लिहिलं. ते तिला किती जड गेलं असेल. सहदेवभाऊ मात्र राहिले. वेगळ्या वाराची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

मग पावसाळ्यात कलावतीबाईंना ताप आला. निशिगंधा परीक्षेला गेली होती. त्या महिन्यात कारभार धोंडीबाकडे होता. आजाऱ्याचं घर पहिलं, हा कायदाच होता. त्याने दाराशी जाऊन चादरी मागितल्या. कलावतीबाईंनी थोडा वेळ घेतला, मग दिल्या. पाठोपाठ शाल पांघरून हळूहळू खाली आल्या आणि पायरीवर बसल्या.

मी फिरू लागले. धोंडीबाच्या एकदम लक्षात आलं.

"काकू, माझा शर्ट राहिलाय आत. थांबवून काढू का?"

त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"भिजला ना आता," त्या म्हणाल्या. "राहू दे. पावडर तेवढी कमी टाकत जा, चादरी विटतात."

"बरं, काकू."

आता माझं वय झालंय. पिळायला लागले की अंग इतकं थरथरतं की कुणीतरी झाकणावर हात ठेवून उभं राहतं, कधी रंभा, कधी कलावतीबाई. चाळ पाडायचं ठरलंय. नवी इमारत होईल, प्रत्येकाला स्वतःचं न्हाणीघर मिळेल. त्यांचं भलं होवो. माझं काय करायचं, याचा निर्णय अजून गॅलरीत व्हायचाय. माझं एवढंच मागणं आहे. भंगारात दिलंत तरी चालेल, पण मला कुणा एकाच्या घरात देऊ नका.