साहेब कितव्या मजल्यावर बसतात?

समोरून ट्रक अंगावर आला तरी मास्तरीणबाईंच्या तोंडून हूं की चूं निघत नसे. बारा वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक ठेवायचा, आणि माणूस भेदरला की त्याच्या आधी आपण पाय दाबायचा, हा त्यांचा धंदा. पण तीन आठवड्यांपूर्वी कर खात्याचं पत्र आलं आणि या बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

पत्रात धमकी अशी काही नव्हती. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी आणि घरभाडं घेणाऱ्यांनी यापुढे कमाई आणि खर्च फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदवायचे, दर तीन महिन्यांनी हिशेब तिथूनच पाठवायचा, आणि त्यासाठी महिनाअखेरीच्या आत नोंदणी करायची, एवढंच. पण मास्तरीणबाईंचा हिशेब डायरीत होता, आणि तोही त्यांच्या पद्धतीचा. ‘सकाळी सात, चष्मेवाला, दिले.’ ‘उंच बाई, पुढच्या वेळी देते म्हणाली.’ पेट्रोलच्या पावत्या गाडीच्या कप्प्यात कोंबलेल्या, त्यातल्या निम्म्यांची शाई उडालेली.

आधी दोन दिवस त्यांनी हातपाय गाळले. मग कामाला लागल्या. आईला जेवायला वाढून झालं की रोज दुपारी टेबलावर पावत्या पसरायच्या, एकेकीचा फोटो काढायचा, डायरीतली एकेक ओळ अ‍ॅपमध्ये भरायची. असं अकरा दिवस चाललं. चष्मेवाला कोण आणि उंच बाई कोण हे आठवून आठवून त्यांनी नावं लिहिली. टायर कुठल्या खर्चात धरायचे हेसुद्धा त्या शिकल्या. सगळं झालं, पण शेवटचं ‘नोंदणी करा’ हे बटण काही त्यांच्याच्यानं दाबवेना.

त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गेला. कर, कागद, सह्या हे सगळं तोच बघायचा. तो गेला त्या वर्षी घर चालायला हवं म्हणून बाईंनी एकटीनं तेवीस जणांना गाडी शिकवली आणि कर खात्याला एका शब्दानं कळवलं नाही. पुढच्या वर्षापासून त्या रीतसर कर भरू लागल्या, पण ते एक वर्ष राहून गेलं ते गेलंच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. बटण दाबलं की ते वर्ष आपोआप वर येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या सिस्टरांच्या फाटकासमोर गाडी लावून थांबल्या होत्या. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. वय एकसष्ट. नवऱ्याची नजर गेली म्हणून या वयात स्टिअरिंग हाती घेतलेलं. आज त्यांचा चौदावा धडा, आणि मोठा चौक त्यांनी अजून एकदाही ओलांडला नव्हता. चौक दिसला की त्या म्हणत, “उद्या बघू.”

फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर कोट घातलेला माणूस, मागे भिंतीवर कसलीशी सरकारी मुद्रा.

“कर खात्यातून बोलतोय. ड्रायव्हिंग शिकवता ना तुम्ही? डिजिटल नोंदणी अजून झालेली नाही तुमची.”

“महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे ना, साहेब?”

“मुदत साध्या लोकांना. तुमचं प्रकरण वेगळं आहे. मागचे हिशेब तपासले आम्ही.”

बाईंच्या तोंडातून निघून गेलं, “त्या वर्षाचं ना? नवरा गेला तेव्हाचं?”

माणूस आवाज खाली आणून म्हणाला, “म्हणजे तुम्हाला माहीत आहे.”

तिथून पुढे त्यानं बाईंना श्वास घेऊ दिला नाही. गुन्हा नोंदवला गेलाय. अटकेचा कागद तयार आहे. आज दुपारच्या आत सगळी शिल्लक खात्याच्या सुरक्षित खात्यात भरली तर चौकशी होईपर्यंत अटक थांबवता येईल. फोन बंद करायचा नाही. कॅमेरा चेहऱ्यावर ठेवायचा. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“आई. शहाऐंशीची आहे. एकटी आहे आत्ता.”

“मग आमची माणसं आधी तिथे जातील. दार कोण उघडेल? त्याच ना?”

बाईंच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. काठी शोधत दारापर्यंत येणारी, कडी काढायला दोन मिनिटं लावणारी. कानातली इअरफोनची गुंडी त्यांनी आणखी आत दाबली, जणू तो आवाज बाहेर सांडला तर सगळ्या गल्लीला कळेल.

एवढ्यात सिस्टर दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या. “आज चौकाचं नाव काढू नका हं, मास्तरीणबाई. रात्रभर...” एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग काही न विचारता त्यांचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

“छातीत दुखतंय का?”

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

“कोण आहे तिथे?” कानात आवाज आला.

“विद्यार्थिनी आहे, साहेब. गाडी शिकायला आलीय.”

“उतरवा तिला आणि बँकेत जा.”

बाईंनी हात पुढे करून पाहिला. बोटं लटलट कापत होती. या हातांनी गिअर पडणार नाही, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. “मला चालवता येणार नाही, साहेब. तीच नेईल.”

“ठीक आहे. पण तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.”

मांडीवर डायरी होती, आणि तेवढीच त्या माणसाला दिसत नव्हती. बाईंनी न बघता वेडंवाकडं लिहिलं: ‘कर खात्याचे साहेब. अटक म्हणतात. फोन ठेवता येत नाही. बँक. चौकातून डावीकडे.’

सिस्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ घट्ट मिटले, आरसा नीट केला, आणि गाडी सुरू केली.

रस्ता मैलभराचाच, पण बाईंना तो संपेना. सिस्टर दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हत्या. मागून हॉर्न वाजत होते. कानात तो माणूस विचारत होता, खात्यात किती आहेत, मुदत ठेवी किती, दागिने आहेत का. बाई सांगत होत्या. मुदत ठेव मोडली तर आईच्या औषधांचं काय, हा विचार यायचा आणि भीतीच त्याला पुसून टाकायची. एरवी त्यांनी शंभरदा सांगितलं असतं, सिस्टर, क्लच सोडा, सिस्टर, आरशात बघा. आज त्या गप्प होत्या.

चौक आला. सिग्नल हिरवा झाला आणि सिस्टरांची गाडी बंद पडली. मागचा टेम्पोवाला खिडकीतून ओरडला. सिस्टरांनी किल्ली फिरवली, गाडी पुन्हा मेली. कपाळावर घाम. “हो, हो, चालले,” असं त्या टेम्पोला म्हणाल्या की स्वतःलाच, कुणास ठाऊक, आणि तिसऱ्या खेपेला गाडी झटका खाऊन निघाली.

पण डावीकडे वळली नाही. सरळ गेली.

बाईंनी बोटानं डावीकडे दाखवलं. सिस्टर रस्त्यावरून नजर काढीनात. मग बाईंच्या लक्षात आलं. हा रस्ता कर खात्याच्या कचेरीचा. चार मजली करडी इमारत, जिच्या समोरून जायला लागू नये म्हणून त्या तीन आठवडे विद्यार्थ्यांना उलट्या रस्त्यानं फिरवत होत्या.

त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दाबला असता तर गाडी जागच्या जागी उभी राहिली असती. कानात आवाज होता, “पोचलात का बँकेत? बोला.” पुढे ती इमारत होती. एकीकडे कोटातला माणूस, दुसरीकडे ते वर्ष. कशाला जास्त भ्यायचं हेच त्यांना कळेना. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, हनुवटी थरथरत होती, आणि तरी ती बाई आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हाकत होती.

मास्तरीणबाईंनी ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी कचेरीच्या दारात थांबली, एक चाक फुटपाथवर. बाई फोन हातात घेऊनच खाली उतरल्या.

“कुठे आलात? बँक नाही दिसत ही.”

बाईंनी फोन उलटा केला आणि कॅमेरा दारावरच्या पाटीसमोर धरला. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “साहेब, मी तुमच्याच दारात आलेय. तुम्ही कितव्या मजल्यावर बसता?”

पडदा काळा झाला.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

“तुम्हाला कसं कळलं तो खोटा आहे?”

“मला कुठे कळलं? मला वाटलं, साहेबांना पैसे द्यायचेच तर साहेबांच्या हातात देऊ. निदान पावती तरी मिळेल.”

बाईंनी आधी आईला फोन लावला. पाच-सहा वेळा वाजून आईनं उचलला. “दार वाजलं का?” आई म्हणाली, “दार कशाला वाजेल? रेडिओ बंद करून आले मी तुझ्यासाठी.” तेव्हा कुठे बाईंना रडू फुटलं.

खरं तर आता घरी जाता आलं असतं. पण पुन्हा इतक्या जवळ आपण येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आत गेल्या.

खिडकीपलीकडे जाड भिंगांच्या चष्म्याची एक कारकून बाई होती. तिनं हकिगत ऐकली, फोनवरचा नंबर पाहिला आणि उसासा टाकला. “या आठवड्यातल्या चौथ्या तुम्ही. आम्ही असे फोन करत नाही, ताई. पत्र पाठवतो.”

“पण त्याला माझा धंदा माहीत होता. मला त्यानं नेमकं गाठलं.”

“नंबर कुठे कुठे दिलाय?”

बाईंनी मागे वळून दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. गाडीच्या दोन्ही दारांवर आणि मागच्या काचेवर हातभर अक्षरांत नंबर रंगवलेला होता. आणि त्या वर्षाबद्दल तर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

“आणखी काही?” कारकून बाईनं विचारलं.

“एक वर्ष मी दाखवलेलं नाही. तेवीस जण होते.” आणि मग सगळंच बाहेर आलं.

कारकून बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. “ही नोंदणी करून टाका, तिचा त्याच्याशी संबंध नाही,” ती म्हणाली. “त्या वर्षाचा वेगळा अर्ज भरावा लागेल. कर भरावा लागेल, वर व्याज आणि दंड. तो किती ते मी सांगू शकत नाही. स्वतःहून आलात हे लिहून ठेवते.”

“घरी कुणी येईल का?”

“पत्र येईल.”

म्हणजे पुन्हा पत्राची वाट बघणं आलंच. बाईंनी अर्ज घेतला. तिथेच उभं राहून फोन काढला आणि ‘नोंदणी करा’ दाबलं. वर्तुळ फिरत राहिलं. त्या श्वास रोखून बघत राहिल्या. ‘नोंदणी पूर्ण’ अशी हिरवी ओळ आली, आणि दुसरं काहीच वर आलं नाही.

बाहेर पहारेकरी सिस्टरांना फुटपाथवरच्या चाकाबद्दल झापत होता आणि सिस्टर निमूट ऐकत होत्या. दोघी गाडीत बसल्या तोच फोन वाजला. अनोळखी नंबर.

उचलू नये, असं बाईंना वाटलं. पण नवे विद्यार्थी असेच यायचे, अनोळखी नंबरावरून, आणि आता त्या वर्षाचा दंडही भरायचा होता. चार वेळा वाजू दिला. मग त्यांनी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला, फोन कानापासून जरा लांबच धरला आणि काही न बोलता थांबल्या.

“हॅलो?” पलीकडून एक बाई दबक्या आवाजात विचारत होती. “गाडी शिकवता ना तुम्ही? मला फार भीती वाटते हो चालवायची. किती दिवस लागतात?”

“आधी तुमचं नाव सांगा,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि डायरीचं नवं पान काढलं.